सदतीस थरांची भिंत

अर्ज परत आला, आणि तोही अभिनंदनासकट.

धाकटीनं, म्हणजे घरच्या धाकट्या सुनेनं, ते पत्र सकाळपासून चार वेळा वाचलं होतं. पुढच्या खोलीत सगळी जमल्यावर तिनं ते पाचव्यांदा, मोठ्यानं वाचलं. नगरपालिकेच्या योजना विभागात बारा वर्षं काढलेल्या बाईला सरकारी पत्राचं नवल वाटत नाही म्हणतात, पण या पत्राचं तिलाही वाटलं होतं. टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी आणि मुलांना टोळ्यांपासून लांब ठेवण्यासाठी जे अनुदान आहे ते गरजू शहरांसाठी आहे, असं वरून कळवलं होतं. आपल्या शहरात पोलीस ठाण्याच्या नोंदींप्रमाणे गेल्या पाच वर्षांत टोळीचा एकही गुन्हा घडलेला नाही, त्याबद्दल आपलं हार्दिक अभिनंदन. तरीही आपलं म्हणणं वेगळं असेल, तर पाच वर्षांचा स्वतंत्र पुरावा ठाणेदारांच्या सहीनिशी शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवावा.

तो शुक्रवार आजचाच होता आणि घड्याळात सव्वादोन वाजले होते.

“म्हणजे ताप नाही म्हणून औषध नाही,” माई म्हणाल्या, “आणि थर्मामीटर कुणी फोडला ते विचारायचं नाही.”

कुणी हसलं नाही. ज्यानं थर्मामीटर फोडला होता तो समोरच बसला होता, गणवेशात, टोपी गुडघ्यावर ठेवून. दादा. माईंचा थोरला, आणि गेली तेरा वर्षं याच शहराचा ठाणेदार.

आता दादा वाईट माणूस होता का? मुळीच नाही. धाकटी या घरात आली त्या दिवसापासून तिला या दिराचा आदरच वाटत आला होता. पोरांच्या मारामाऱ्या तो ‘आपसातलं भांडण’ म्हणून लिहायचा, कारण एकदा का कागदावर टोळी हा शब्द आला की त्या पोराला जन्मभर नोकरी मिळायची नाही. खिशात सापडलेले सुरे तो ‘सापडलेल्या वस्तू’ म्हणून जमा करायचा, छत्र्या आणि किल्ल्यांच्या शेजारी. आधी हे दयेपोटी झालं, मग सवयीनं झालं, आणि मग त्याला पदक मिळालं. सर्वांत शांत हद्द म्हणून मिळालेलं पदक. ते थोरल्या जाऊबाईंच्या बैठकीत काचेआड लावलेलं आहे आणि त्यानंतर मागे फिरायची वाटच राहिली नाही.

त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी ताई उभी होती. ताई म्हणजे धाकटीची नणंद, शाळेची मुख्याध्यापिका. गेल्या महिन्यात तिच्या शाळेच्या मागच्या फाटकापाशी एकोणीस वर्षांचा एक मुलगा भोसकला गेला. तिचाच जुना विद्यार्थी. संध्याकाळच्या कार्यशाळेत सुतारकाम शिकला होता आणि तिच्या कचेरीतलं पुस्तकांचं कपाट त्याच्याच हातचं होतं. दादानं ठाण्यात लिहिलं, आपसातलं भांडण. ताईनं तो शब्द ऐकला आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. काही सांगायचंच झालं तर माईंना सांगायची, आणि माई तीन हातांवर बसलेल्या मुलाला तो निरोप द्यायच्या.

कार्यशाळेत सेहेचाळीस मुलं येत होती. महिनाअखेर तिला टाळं लागणार होतं. अनुदान आलं तर तीन वर्षं ती चालणार होती, शिवाय ठाण्याला रात्रीच्या गस्तीसाठी माणसं मिळणार होती, कारण अर्ज दोघांचा मिळून होता, अर्धा बंदोबस्ताचा आणि अर्धा प्रतिबंधाचा. फक्त एकच अडचण होती. सही करायची म्हणजे आपण तेरा वर्षं खोटं लिहिलं असं दादानं स्वतःच्या हातानं कबूल करायचं. वरून चौकशी लागली असती. निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

अर्धा तास नुसती धुसफुस झाली. ताईनं माईंना सांगितलं की ज्याला सेहेचाळीस मुलांपेक्षा काचेतलं पदक मोठं वाटतं त्याच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही. दादानं माईंना सांगितलं की सही मी डोळे मिटून करीन, पण कशावर करू? पुरावा कुठाय? माझ्याच नोंदी खोट्या आहेत असं मी कशाच्या आधारावर म्हणू, ताईसाहेबांच्या रागाच्या? धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, दोघांनाही चहा देत होता आणि दोघांचंही खरं आहे म्हणत होता. ही त्याची जुनी खोड. सासरे, तात्या, मात्र कोपऱ्यात, डब्यांच्या उतरंडीशेजारी स्टुलावर बसून एक कोरडा ब्रश उगाचच बोटांनी साफ करत होते.

तात्या रंगारी. शहरातली निम्मी दुकानं, दोन्ही दवाखाने आणि रेल्वे स्टेशनाच्या जिन्याचे कठडे त्यांच्या हातचे. ही पुढची खोली म्हणजे त्यांचं अर्धं दुकान आणि अर्धी बैठक. टर्पेंटाइनच्या वासाशिवाय या घरात आजवर ना साखरपुडा ठरला ना भांडण मिटलं. आता शहात्तरीला त्यांनी काम धाकट्याच्या हाती सोपवलं होतं आणि स्वतः रोज उजाडायच्या आधी फेरफटका मारून यायचे, तब्येतीसाठी. निदान धाकटीची नऊ वर्षं तशी समजूत होती.

दादा उठला. टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला की मी निघतो, उगाच सगळ्यांचा वेळ जातोय. तेव्हा माई आत गेल्या. आतून पत्र्याची पेटी फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. धाकटा ताडकन उठून मदतीला धावला, आणि नवऱ्याला त्या पेटीविषयी माहीत आहे हे धाकटीच्या तिथल्या तिथे लक्षात आलं.

“ती कुणी काढायला सांगितली?” तात्यांचा आवाज चढला. तो चढलेला धाकटीनं कधी ऐकला नव्हता.

“मी काढली,” माई म्हणाल्या. “अकरा वर्षं गप्प बसले. महिनाभर तुम्ही ताटावर बसता आणि दोन घास खाऊन उठता, ते मला दिसत नाही होय? आता बास.”

पेटीत वह्या होत्या. चौदा वह्या, जाड पुठ्ठ्याच्या, कडांना रंग लागून कडक झालेल्या. धाकटीनं वरची उचलली. तिला वाटलं, गिऱ्हाइकांची नावं असतील. पान उघडलं तर डावीकडे अंगठ्याएवढा रंगाचा ठिपका, खरा रंग, वाळून चकचकीत झालेला. त्याच्याखाली तात्यांच्या बारीक अक्षरात, पांढरा बारा भाग, पिवळी माती एक, काजळी चिमूटभर. उजवीकडे तारीख आणि जागा. आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं काढलेली एक खूण, तीन टोकांचा बाण. खुणेपुढे लिहिलं होतं, लाल, स्प्रे, हातभर, अस्तर दोनदा.

पुढच्या पानावर काळं कुलूप. त्याच्या पुढच्यावर पुन्हा बाण.

बाण म्हणजे पुलाकडच्यांची खूण आणि कुलूप म्हणजे गोदामवाल्यांची, हे शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ती खूण भिंतीवर पाहिलेला माणूस विरळा. धाकटीनंसुद्धा दोन-चारदाच पाहिली असेल. आमच्या शहरातल्या टोळ्या भिंती घाण करत नाहीत, असं लोक अभिमानानं सांगायचे. तिनं सासऱ्यांकडे बघितलं आणि त्यांचा तो पहाटेचा फेरफटका तिला कळला.

“एवढं सगळं लिहायचं कशाला?” ताईनं विचारलं. ती खिडकीपासून केव्हा आली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

धाकट्यानं सांगितलं, कारण तात्या सांगेनात. भिंतीला ठिगळ लावायचं तर रंग तंतोतंत जुळावा लागतो, नाहीतर ठिगळच ओरडून सांगतं की इथं काहीतरी होतं. ऊन-पावसानं भिंत दरवर्षी फिकट होते, म्हणून दर वेळी नवा मेळ बसवायचा आणि तो टिपून ठेवायचा. खूण का टिपायची? तर लाल रंग द्वाड असतो. वरून चार हात मारा, महिन्याभरात गुलाबी होऊन वर येतो. त्याला आधी अस्तर द्यावं लागतं. काळा बिचारा निमूट बसतो. खाली काय आहे ते माहीत नसेल तर पुढच्या वेळी फसगत होते. तात्यांच्या लेखी तो कारागिराचा हिशोब होता, पुराव्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

मग धाकटीमधली कारकून जागी झाली. तिनं टेबलावरचे डबे बाजूला सारले, पण टेबल पुरेना, म्हणून सगळ्यांनी मिळून वह्या जमिनीवर मांडल्या. शेवटच्या पाच वर्षांच्या सहा वह्या. धाकट्यानं शहराचा नकाशा आणला आणि ताई जागा वाचत गेली तसतसा तो ठिपके देत गेला, बाणाला लाल आणि कुलपाला काळा. शाळेची भिंत दोघांचीही जुनी, तिथले तुरळक ठिपके सोडले तर पहिल्या वर्षी लाल ठिपके पुलाच्या पलीकडेच. दुसऱ्या वर्षी पूल ओलांडून लाँड्रीपर्यंत. काळे गोदामाकडून निघाले, बाजाराला वळसा घालून थिएटरच्या मागे आले. तिसऱ्या वर्षी एक गल्ली पुढे. चौथ्या वर्षी आणखी एक. ताईचा आवाज हळूहळू खाली येत गेला आणि शेवटी शेवटी तर ती कुजबुजल्यासारखं वाचू लागली.

धाकटी गुडघ्यांवर बसून बघत होती. ज्या शहरात ती रोज भाजी आणायला जात होती, त्याच्या पोटात हे चाललं होतं. कुठल्याही ठाण्यात, कुठल्याही कचेरीत, तिच्या स्वतःच्या टेबलावरसुद्धा याचा एक कपटा नव्हता. आणि एका म्हाताऱ्या माणसानं हातात डबा घेऊन, कुणाला न सांगता, ते सगळं पाहिलं होतं, टिपलं होतं आणि पुसलं होतं. अकरा वर्षांत एक आठवडा सुटला नव्हता. देवळात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो तसं झालं होतं त्या खोलीत.

लाल आणि काळे ठिपके शाळेपाशी एकमेकांना भिडले होते.

दादा उभाच होता. त्यानं नकाशाकडे बराच वेळ बघितलं. मग ताईच वळली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलली.

“दादा, नको. हे पाठवलं तर तुझी नोकरी जाईल. शाळेचं मी बघते, वर्गणी काढते.”

बघा आता. महिनाभर जिनं भावाचं तोंड पाहिलं नव्हतं, तीच त्याची ढाल झाली. तात्यांनी लगेच मान डोलावली, वह्या उचला म्हणाले. धाकटा उचलायलाही लागला. अडीच वाजता सगळं घर दादाच्या विरुद्ध होतं आणि सव्वातीनला सगळं घर त्याच्या पाठीशी. एकट्या माई हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि त्या थोरल्याकडे टक लावून बघत होत्या.

दादा म्हणाला, “वह्या कुणीही लिहील. हा पुरावा नाही.”

हे तो सुटकेसाठी म्हणाला की पोलिसाच्या सवयीनं, धाकटीला कळलं नाही. पण तात्या स्टुलावरून उठले. इतका वेळ वह्या लपवा म्हणणारा माणूस, पण आपल्या कामावर कुणी संशय घेतलेला त्यांना कधीच खपला नव्हता. त्यांनी खिशात काचपेपरचा तुकडा घातला, पाण्याची बाटली घेतली आणि पायात चपला सरकवल्या.

“चल,” ते म्हणाले. “दाखवतो.”

शाळा दोन गल्ल्या सोडून. सगळी वरात निघाली. पुढे तात्या, मागे गणवेशातला दादा, मग ताई, वह्या घेतलेला धाकटा, आणि शेवटी धाकटी, काखेत फायलीची पाटी मारून. अर्ज सोडून कुठं जायचं नाही ही तिची सवय. माई घरीच थांबल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या, पण खरं कारण वेगळं होतं. पुढे जे व्हायचं होतं ते बापलेकांत व्हायला हवं होतं.

मागच्या फाटकाच्या डावीकडे, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडतो तिथे, तात्या थांबले. इमारतीची फिकट पिवळी भिंत. डाग नाही, ओरखडा नाही. पोरं जागा बदलत नाहीत, ते म्हणाले, जिथं उजेड तिथंच काढतात. त्यांनी काचपेपर भिजवला आणि तळहाताएवढ्या जागेवर गोल गोल घासायला सुरुवात केली. मध्ये जोर जास्त, कडेला कमी. घासायचे, पाणी मारायचे, फडक्यानं पुसायचे. दहा मिनिटं गेली. धाकटा मदतीला पुढे झाला तर त्याला त्यांनी कोपरानं मागे सारलं.

मग त्यांनी फडकं मारलं आणि बाजूला झाले.

भिंतीत वर्तुळं उमटली होती. एकात एक, केसाएवढ्या बारीक रेघांची. पिवळं, करडं अस्तर, लाल, पिवळं, काळं, पिवळं, करडं, लाल. प्रत्येक पिवळा मागच्यापेक्षा जरासा वेगळा. आतआत, आतआत, थेट मधल्या बोटभर पांढऱ्यापर्यंत, शाळा बांधली तेव्हाच्या रंगापर्यंत. धाकटी त्या भिंतीवरून रोज जात होती. जी भिंत तिला भिंत वाटत होती ती नुसतीच भिंत नव्हती. तिनं नकळत हात पुढे केला आणि स्पर्श न करताच मागे घेतला.

“मोज,” तात्या म्हणाले.

दादा खाली वाकला. खिशातलं पेन काढून त्याच्या टोकानं एकेक रंगीत रेघ मोजू लागला, लाल आणि काळी तेवढी. पंचनाम्याला बसल्यासारखा, ओठ हलवत. दोनदा मोजलं. चौतीस आले. वहीत या भिंतीच्या नोंदी किती, त्यानं विचारलं. तात्या घासत होते तेवढ्यात धाकटीनं मोजल्या होत्या. सदतीस.

“तीन कमी आहेत,” दादा म्हणाला.

“त्या सदतिसात कशाकशापुढे ‘शिडी’ लिहिलंय बघ.”

धाकटीनं पानं उलटली. एक, दोन, आणि नवव्या वहीत तिसरी. तीन नोंदींपुढे लिहिलं होतं, शिडी. त्या तीन खुणा वर होत्या, छताच्या कडेला. तात्यांनी मान वर करून बोटानं जागा दाखवली.

दादानं पेन खिशात ठेवलं. भिंतीला टेकून उभा राहिला. तेरा वर्षं ठाण्यात बसलेल्या माणसाला पुरावा कशाला म्हणतात ते शिकवावं लागत नाही. जरा वेळानं त्यानं धाकट्याच्या हातातली पहिली वही मागून घेतली आणि पहिलं पान उघडलं. धाकटी शेजारीच होती. तिला तारीख दिसली. आणि तिला आणखी एक तारीख आठवली, दर भेटीत वाचलेली. थोरल्या जाऊबाईंच्या बैठकीत, काचेआड, पदकावर कोरलेली. वहीतली तारीख तिच्या दुसऱ्या दिवसाची होती.

त्या समारंभाची गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती. दादा व्यासपीठावरून म्हणाला होता, माझ्या हद्दीतल्या एका तरी भिंतीवर टोळीची खूण दाखवा, ही टोपी इथल्या इथे उतरवून ठेवीन. सभागृह टाळ्यांनी दणाणलं होतं.

“तात्या,” दादा म्हणाला. त्यानं उघडी वही त्यांच्यापुढे धरली.

“मी तिसऱ्या रांगेत होतो,” तात्या म्हणाले. “मीही टाळ्या वाजवल्या. आणि वाजवता वाजवता मला आठवलं, सकाळीच इथं लाल बाण बघितला होता. तुला सांगितलं असतं तर तुझा शब्द खाली पडला असता. म्हटलं, शब्द काही आपल्या हातात नाही, भिंत आहे. पहाटे आलो आणि मारून टाकली. मला वाटलं होतं, एकदाचंच काम आहे.”

रस्त्यावरून एक सायकलवाला गेला. ठाणेदाराला बघून त्यानं सलाम केला आणि कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून वळून वळून बघत पुढे गेला.

“त्या पोराला भोसकलं त्याच्या आदल्या आठवड्यात,” तात्या सांगत होते, भिंतीकडे बघत, “पहिल्यांदाच दोन्ही खुणा एकाच दिवशी आल्या. बाणावर कुलूप. मला कळलं होतं काय होणार ते. आणि मी काय केलं? अस्तर मारलं. तू लिहिलं नाहीस आणि मी दिसू दिलं नाही. दोघांनी मिळून केलंय हे. एकट्यावर घेऊ नकोस.”

ताईनं तोंडाला पदर लावला. धाकटीला वाटलं, आता दादा रडेल किंवा ओरडेल. नऊ वर्षांत तिनं या माणसाला कुठल्याही वादात माघार घेताना पाहिलेलं नव्हतं. त्याच्याबरोबर हा म्हातारा अकरा वर्षं वाद न घालता, नुसता डबा घेऊन चालला होता. कुणाच्या शब्दाला असं कुणी आयुष्यभर खांदा दिलेला तिनं ऐकला नव्हता, पाहिला तर नव्हताच. तिला एकदम दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं. पण ती सरकारी बाई होती आणि चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं काखेतली पाटी काढून पुढे धरली.

दादानं पाटी घेतली. पेन घेतलं. वाकताना टोपीची कड भिंतीला लागायला लागली, तेव्हा त्यानं ती डोक्यावरून काढली आणि बापाच्या हातात दिली.

“ही धरा जरा,” म्हणाला.

तात्यांनी टोपी दोन्ही हातांत धरली. दादानं पाटी भिंतीला लावली, त्या वर्तुळांच्या शेजारी, आणि सही केली. मग सहीखाली, अभिप्रायासाठी सोडलेल्या दोन ओळींच्या जागेत, दाटीवाटीनं लिहिलं. धाकटीनं ते नंतर वाचलं. सोबतच्या वह्यांची मी स्वतः जागेवर जाऊन मोजणी केली आहे. त्या खऱ्या आहेत. ठाण्याच्या नोंदी चुकीच्या आहेत आणि त्या माझ्या आहेत.

परतताना सगळी धावतच आली म्हणायला हरकत नाही. ताई पानं उलटत होती, धाकटा धरत होता आणि धाकटी मोबाइलवर फोटो काढत होती. पाच वर्षांची सगळी पानं, रंगांच्या ठिपक्यांसकट. सरकारी संकेतस्थळानं आपला धर्म सोडला नाही, मधेच दोनदा मान टाकली. माईंनी त्याला उद्देशून असा एक शब्द वापरला की मुख्याध्यापिका असलेली लेक चमकून आईकडे बघायला लागली. पाचला बारा मिनिटं कमी असताना पडद्यावर हिरवी खूण आली आणि तिच्याखाली पोच क्रमांक. धाकटीनं तो मोठ्यानं वाचला. कुणी आनंदानं नाचलं नाही. अनुदान मिळेल की नाही ते पुढच्या महिन्यात कळणार होतं, आणि दादाच्या वरिष्ठांचा फोन बहुधा सोमवारीच येणार होता. ताईनं चहाचा कप भावापुढे ठेवला आणि त्याच्याशेजारी बसली. एवढंच.

तात्या अजून टोपी धरूनच बसले होते. त्यांच्या ओल्या अंगठ्याचा पिवळसर ठसा तिच्या कडेवर उठला होता. तो त्यांच्या लक्षात आला आणि ते फडकं शोधू लागले. दादानं हात पुढे करून टोपी घेतली, ठसा बघितला आणि तशीच मांडीवर ठेवली.

चहा संपल्यावर तात्यांनी विचारलं, “आता उद्या मी काय करू? येताना बेकरीच्या भिंतीवर ताजा बाण दिसला.”

सगळी दादाकडे बघू लागली.

“हात नका लावू,” दादा म्हणाला. “सकाळी मी येतो. आधी मी लिहून घेईन, मग आपण दोघं मिळून रंगवू.”

तात्यांनी मान हलवली. मग उठले, उतरंडीतले दोन डबे खाली घेतले, झाकणं उचकटून आत बघितलं आणि त्यातला एक दारापाशी नेऊन ठेवला.

“बाण लाल आहे,” ते म्हणाले. “अस्तर दोनदा लागेल. लवकर ये.”